अंदाज यंत्राचा, जोखीम शेठची

मुंबई-नाशिक महामार्गालगत भिवंडी परिसरात पसरलेली गोदामं हे देशातल्या मोठ्या साठवणूक केंद्रांपैकी एक आहे. साबण-बिस्किटांपासून फ्रिजपर्यंतचा माल तिथे उतरतो आणि पुन्हा ट्रकमध्ये चढतो. या सगळ्या चढ-उतारामागे रोज एकच प्रश्न असतो: कोणता माल किती मागवायचा? जास्त मागवला तर भांडवल अडकतं, कमी मागवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढतं. मशीन लर्निंग या प्रश्नाचं उत्तर देईल, असं आता छातीठोकपणे सांगितलं जातं. पुढच्या संवादात एक बाजू अनुभवी घाऊक व्यापाऱ्याची आहे. हा कोणी एक माणूस नाही. या तंत्रावरचे सगळ्यांत वजनदार आक्षेप त्याच्या तोंडी दिले आहेत. दुसरी बाजू प्रस्तुत लेखकाची आहे.

व्यापारी: सर, आमचा धंदा तारखेवर नाही, तिथीवर चालतो. गणपती २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला बसले, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. त्यात २०२३ला अधिक श्रावण आला आणि पुढचं सगळं महिनाभर लांबलं. पितृपक्षात टीव्ही-फ्रिज घ्यायला कोणी फिरकत नाही, आणि घटस्थापना झाली की तेच गिऱ्हाईक दारात उभं राहतं. गेल्या सप्टेंबरचा खप बघून कोणी या सप्टेंबरचा माल भरला तर तो बुडालाच म्हणून समजा. आम्हाला हे कोणी शिकवायला लागत नाही. तुमच्या यंत्राला कोण सांगणार?

लेखक: आपणच सांगायचं, शेठ, आणि ते सांगता येतं. गेल्या सप्टेंबरवरून या सप्टेंबरचा आकडा काढणं ही झाली नुसती उजळणी. मशीन लर्निंगमध्ये प्रत्येक दिवसाच्या, प्रत्येक वस्तूच्या विक्रीशेजारी त्या दिवसाची परिस्थिती लिहिलेली असते: भाव काय होता, स्कीम चालू होती का, मागच्या आठवड्यात आणि मागच्या महिन्यात किती खप झाला, सण किती दिवसांवर होता. मग शेकडो लहान लहान निर्णयवृक्ष, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या साखळ्या, एकामागून एक उभारले जातात; पहिल्याचा अंदाज जिथे चुकला तिथली चूक दुसरा भरून काढू बघतो, दुसऱ्याची तिसरा. या पद्धतीची मोठी जाहीर परीक्षा २०२० मध्ये झाली. स्पायरोस माक्रिडाकिस यांच्या पुढाकाराने झालेल्या एम-५ स्पर्धेत वॉलमार्टने कॅलिफोर्निया, टेक्सास आणि विस्कॉन्सिन या राज्यांतल्या १० दुकानांची, ३,०४९ वस्तूंची रोजची विक्री खुली केली आणि पुढच्या २८ दिवसांचा अंदाज मागितला. सोबत दिलेल्या दिनदर्शिकेत रमजान, ईद, ईस्टर असे दर वर्षी तारीख बदलणारे सण नोंदवलेले होते. पहिल्या आलेल्या संघाने लाइटजीबीएम नावाची, वर सांगितली तशीच वृक्षांची पद्धत वापरली होती. आपलं पंचांग तर पुढच्या अनेक वर्षांचं आज छापता येतं. हवामानाचा अंदाज चुकेल, भाव बदलेल, पण नवरात्र कधी लागणार याबद्दल शंकाच नाही. तेव्हा पंचांगासारखी भरवशाची माहिती यंत्राला दुसरी मिळणार नाही. मर्यादा वेगळीच आहे. पाच वर्षांच्या वहीत दिवाळ्या पाचच असतात, आणि पाच नमुन्यांवरून एकट्या वस्तूबद्दल कोणीच ठामपणे बोलू शकत नाही. म्हणून यंत्र शेकडो वस्तूंच्या दिवाळ्या एकत्र बघून शिकतं. अनुभवी माणूसही वर्षानुवर्षं तेच करत आलेला असतो. फरक इतकाच की हजारो वस्तू एकाच वेळी त्याच्या नजरेत मावत नाहीत.

व्यापारी: तुम्ही पहिल्या आलेल्याचं कौतुक केलंत. पण बाकीच्यांचं काय झालं? माझ्या दारात जो सॉफ्टवेअर विकायला येईल तो त्या स्पर्धेत पहिला आलेला नसणार. सगळे हुशारच असते तर गोष्ट वेगळी.

लेखक: हा प्रश्न प्रत्येक खरेदीदाराने विचारायलाच हवा, कारण त्याचं उत्तर विक्रेते स्वतःहून देत नाहीत. त्या स्पर्धेत साडेपाच हजार संघ होते. कालची विक्री तीच उद्याची, असं मानणारी एक अगदी भाबडी पद्धत तुलनेसाठी ठेवली होती. तिलासुद्धा निम्म्याहून कमी, ४८.४ टक्के संघच हरवू शकले. तुलनेसाठी ठेवलेल्या पद्धतींत सर्वांत सरस होती एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग: ताज्या विक्रीला जास्त वजन, जुन्या विक्रीला कमी, एवढाच तिचा गाभा. रॉबर्ट ब्राउन आणि चार्ल्स होल्ट यांनी ती १९५०च्या दशकात घडवली. तिच्यापुढे फक्त ७.५ टक्के संघ गेले. विजेता तिच्यापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अचूक निघाला, हे खरं आहे. पण मशीन लर्निंग हे नाव घेतलं की अचूकता आपोआप येते, हा समज त्याच आकड्यांनी मोडीत काढला. त्याआधी २०१८च्या एम-४ स्पर्धेत तर निव्वळ मशीन लर्निंगच्या सहाही पद्धती साध्या संख्याशास्त्रीय पद्धतींच्या सरासरीपुढे हरल्या होत्या. तेव्हा आपल्या दारी येणाऱ्याला एकच अट घालावी. गेल्या काही वर्षांची वही त्याला द्यावी, शेवटचे दोन महिने झाकून ठेवावे, आणि त्या दोन महिन्यांचा अंदाज मागावा. तोच अंदाज जुन्या साध्या पद्धतीनेही काढावा. नवी पद्धत जुनीला हरवत नसेल तर पैसे मोजायचं कारण नाही. दोनशे वस्तू विकणाऱ्याला साधी पद्धत आणि एक स्प्रेडशीट पुष्कळदा पुरेल.

एम-५ स्पर्धेतून दुसरीही एक गोष्ट दिसली, आणि गोदाम चालवणाऱ्याला ती जास्त उपयोगाची आहे. सगळ्या दुकानांची एकत्र विक्री सांगणं तुलनेने सोपं गेलं. एका दुकानातली एक वस्तू एका दिवशी किती विकली जाईल हे सांगताना विजेत्यांचीही आघाडी अगदी थोडी उरली. कारण उघड आहे. एका ठिकाणी दोन नग जास्त गेले, दुसऱ्या ठिकाणी दोन कमी, की बेरजेत ते एकमेकांना खाऊन टाकतात. १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर मोठ्या कंपन्यांनी राज्याराज्यांतले डेपो बंद करून मोजकी मोठी गोदामं उभी केली, त्यामागे हेही गणित होतं. पूर्वी आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर टाळायला राज्यागणिक डेपो लागे. सारख्याच आकाराची आणि एकमेकांशी संबंध नसलेली मागणी चार गोदामांऐवजी एका गोदामातून भागवली, तर अडीअडचणीसाठी ठेवायचा जादा साठा जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे अंदाज सुधारण्याचा एक मार्ग गणितात आहे आणि दुसरा माल कुठे ठेवायचा यात आहे. दुसरा मार्ग कोणतंही सॉफ्टवेअर न घेता खुला असतो.

व्यापारी: बरं, वहीचंच बोलू. माझी वही खरं बोलते असं तुम्ही धरून चाललात. कंपनीचा माणूस महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टार्गेटसाठी माल ढकलतो. स्कीम मिळते म्हणून मीही घेतो, आणि पुढचे पंधरा दिवस उचल बंद. कॉम्प्युटरमध्ये चाळीस पेट्या दिसतात, रॅकवर एकतीस असतात. काही फुटलेल्या, काही भलत्याच बिलात गेलेल्या. या कचऱ्यातून तुमचं यंत्र काय शिकणार?

लेखक: कचराच शिकणार. माझ्या मते या सगळ्या चर्चेचं मर्म इथे आहे, आणि दोन्ही बाजूंचे लोक ते सोडून भलत्याच मुद्द्यावर भांडतात. आपण म्हणता ती अवस्था फक्त आपल्याकडचीच नाही. निकोल डिहोरेशियस आणि अनंत रमण यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या विक्री साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३,७०,००० साठा-नोंदी तपासल्या होत्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. आता याचा परिणाम बघा. कॉम्प्युटरला वाटतं माल आहे, म्हणून तो मागवत नाही. फळी रिकामी, म्हणून विक्री शून्य. यंत्र त्या शून्याचा अर्थ लावतं की या वस्तूला गिऱ्हाईक नाही, आणि पुढचा अंदाज आणखी खाली आणतं. चांगली खपणारी वस्तू अशा रीतीने कागदावर मरते, आणि अंदाज मात्र अचूक ठरल्यासारखा दिसतो, कारण शून्य सांगितलं आणि शून्यच विकलं गेलं. विक्री म्हणजे मागणी, ही समजूत या घोटाळ्याच्या मुळाशी आहे. वहीत फक्त जे विकलं ते असतं. जे मागितलं गेलं आणि नव्हतं, ते कुठेच नसतं.

चुकीच्या नोंदी मोठ्या कंपनीलाही कशा महागात पडतात ते बघा. टार्गेट या अमेरिकी कंपनीने मार्च २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१५ मध्ये सगळी १३३ दुकानं बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामागची कारणं अनेक होती, पण एक ठळक कारण असं की मालाच्या मापांपासूनच्या असंख्य नोंदी प्रणालीत चुकीच्या भरल्या गेल्या होत्या. गोदामं ओसंडून वाहत होती आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या होत्या. महिनाअखेर ढकलल्या जाणाऱ्या मालाबद्दलही जुना अभ्यास आहे. हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या बाळांच्या डायपरचं उदाहरण देऊन दाखवलं की बाळं डायपर रोज सारख्याच प्रमाणात वापरतात. तरी दुकानदार, घाऊक व्यापारी, कंपनी असं वर जाऊ तसे ऑर्डरमधले चढ-उतार वाढत जातात. त्यांनी सांगितलेल्या कारणांत स्कीमच्या लोभाने केलेली जादा उचल हे एक होतं. अशा ऑर्डरींवर यंत्र शिकवलं तर ते गिऱ्हाईकाची गरज शिकणार नाही. सेल्समनची टार्गेटची तारीख शिकेल. म्हणून पहिला खर्च नोंदवहीवर व्हायला हवा. कंपनीकडून झालेली उचल आणि दुकानदाराला झालेली विक्री वेगळी ठेवावी. ज्या दिवशी माल संपलेला होता त्या दिवसावर खूण असावी, म्हणजे त्या दिवसाचं शून्य खरं मानलं जाणार नाही. दुकानदाराने मागितलेला पण देता न आलेला माल लिहावा. आणि वर्षातून एकदा सगळं गोदाम मोजण्यापेक्षा रोज थोड्या वस्तू मोजाव्यात. एवढं झालं की साधी पद्धतही सुधारते, आणि हे झालं नाही तर सर्वांत महागडं यंत्रही व्यर्थ. आपला अनुभवसुद्धा याला अपवाद नाही, शेठ. जो माल आपण कधी ठेवलाच नाही त्याचं गिऱ्हाईक आपल्या नजरेलाही दिसलेलं नसतं.

व्यापारी: मान्य. पण वही कितीही स्वच्छ असली तरी ती मागचंच सांगते. नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी, मार्च २०२०चं लॉकडाउन, हे कोणत्या वहीत होतं? २०२५ला स्वातंत्र्यदिनी जीएसटी कमी होणार असल्याचं जाहीर झालं. एसी घ्यायला निघालेला माणूस थांबणारच, हे मला त्याच दिवशी कळलं. यंत्र मात्र जुना खप बघून ‘भरा, भरा’ म्हणत बसलं असतं. अशा वेळी माणसाच्या हाती लगाम हवा की नको?

लेखक: हवाच. जे कधी घडलेलंच नाही ते यंत्राला कळत नाही, यावर दुमत असू नये. आपलं उदाहरण तर आणखी एक अडचण दाखवतं. एसीवरचा कर २८वरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबर २०२५ला. पितृपक्ष संपला आदल्या दिवशी, आणि घटस्थापना त्याच दिवशी. त्या दिवसानंतर खप वाढलेला दिसला तर त्यातला करकपातीचा वाटा किती, नवरात्राचा किती आणि पितृपक्षात अडून राहिलेल्या खरेदीचा किती? नुसत्या आकड्यांतून हे सुटं करता येत नाही. कोणी कारण लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वर्षी यंत्र करकपातीचं श्रेय घटस्थापनेला देईल आणि जास्त माल भरायला सांगेल. पण लगाम माणसाच्या हाती म्हणजे त्याने वाटेल तेव्हा ओढावा, असा अर्थ होत नाही. २०२२च्या वसंतात वॉलमार्टचा साठा आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने आणि टार्गेटचा ४३ टक्क्यांनी वाढलेला निघाला. लोकांचा खर्च कुठे वळतो आहे याचा अंदाज चुकला होता, आणि तिथे यंत्रांची आणि अनुभवी माणसांची, दोन्हींची कमतरता नव्हती.

माणसाने अंदाजात हात घातल्यावर काय होतं, याचा पुरावाही उपलब्ध आहे. रॉबर्ट फिल्ड्स, पॉल गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार कंपन्यांमधले ६०,०००हून अधिक अंदाज तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. माणसांनी केलेल्या लहानसहान दुरुस्त्यांनी अचूकता फारशी वाढली नाही. कधी ती घटलीच. ठोस माहितीवरून केलेल्या मोठ्या दुरुस्त्या उपयोगी पडल्या, त्यातही अंदाज खाली आणणाऱ्या जास्त. वर नेणाऱ्या दुरुस्त्या पुष्कळदा आशेपोटी केलेल्या होत्या. म्हणजे आपला एसीचा निर्णय उत्तम दुरुस्तीचा नमुना आहे: बाहेरची पक्की बातमी, मोठा बदल, आणि दिशा खालची. ‘यंदा बाजार जरा बरा वाटतोय, पाच टक्के वाढव’ हा मात्र वाईट नमुना. यातून निघणारा नियम सोपा आहे. दुरुस्ती करावी, पण कारण लिहून करावी, आणि महिनाअखेर दोन आकडे शेजारी ठेवावेत: यंत्राचा आणि आपला. सहा महिन्यांत कोणाच्या कोणत्या दुरुस्त्या खऱ्या ठरतात ते कळेल. नुसत्या अधिकाराने केलेल्या दुरुस्तीतून कोणीच काही शिकत नाही. लिहून ठेवलेल्या कारणातून यंत्र शिकतं आणि गादीवर पुढे बसणारी पिढीही.

व्यापारी: आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने हेच मोठं. यंत्राने सांगितलं शंभर पेट्या. मी शंभर आणल्या आणि साठच गेल्या. चाळीस पेट्यांचं व्याज, जागेचं भाडं, एक्सपायरी, हे सॉफ्टवेअरवाला भरणार आहे का? हल्ली तर काही कंपन्या त्यांच्या यंत्राने माझी ऑर्डर परस्पर ठरवतात. माल माझ्या गोदामात उतरतो आणि बिल माझ्या नावावर फाटतं. अंदाज त्यांचा, तोटा माझा.

लेखक: आपल्या सगळ्या आक्षेपांत हा सर्वांत न्याय्य आहे, आणि याचं उत्तर तंत्रज्ञानाकडे मागू नये, कारण ते तिथे नाही. मुळात ‘शंभर पेट्या’ हे अपुरं उत्तर आहे. प्रामाणिक अंदाज एका आकड्यात मावत नाही. ऐंशीपर्यंत मागणी राहण्याची शक्यता किती, एकशे वीसपर्यंत किती, असा तो पसरलेला असतो. त्या पसाऱ्यातून किती मागवायचं, हे कोणती चूक किती महागात पडते यावर ठरतं. हा विचार जुना आहे. बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी या प्रश्नातून फ्रान्सिस एजवर्थ यांनी तो १८८८ मध्येच मांडला होता. समजा, एक पेटी शंभर रुपयांना घेऊन एकशे तीसला विकली जाते, आणि उरली तर नव्वदला निघते. कमी पडली तर तीस रुपये हुकतात, उरली तर दहा जातात. तिसाला तीस अधिक दहाने भागलं की पाऊण येतं. म्हणजे चारपैकी तीन वेळा पुरेल एवढा माल भरावा, सरासरीपेक्षा जास्त. आता दुसरा माल घ्या: नफा दहा, पण मुदत संपली की तीस बुडतात. गणित उलटतं, आणि चारपैकी एकदाच पुरेल एवढाच माल भरणं शहाणपणाचं ठरतं. दोन्हीकडे मागणीचा अंदाज अगदी सारखा असला तरी ऑर्डर वेगळी. हे तीस आणि दहा यंत्राला ठाऊक नसतात. आपली उधारी किती दिवसांची, व्याज किती, गिऱ्हाईक एकदा परत गेलं तर पुन्हा येतं की कायमचं तुटतं, हे आपल्यालाच माहीत.

कंपनी परस्पर ऑर्डर ठरवते तेव्हा नेमकी हीच गोष्ट हिरावली जाते. तिच्या हिशेबात माल कमी पडणं म्हणजे विक्री हुकणं, आणि माल उरणं म्हणजे दुसऱ्याच्या गोदामातली अडचण. उरलेल्या मालाची किंमत ज्याच्या वहीत शून्य आहे, त्याचं यंत्र प्रत्येक वेळी जास्तच मागवणार, आणि त्याच्या बाजूने ते गणित बरोबरही असणार. म्हणून यंत्राला नकार देऊन हा प्रश्न सुटत नाही. करारात बदल मागावा लागतो. ऑर्डर कंपनीचं यंत्र ठरवणार असेल तर न खपलेला माल ठरलेल्या मुदतीत परत घेण्याची जबाबदारी कंपनीने लेखी घ्यावी. ती घेणार नसेल तर यंत्राने फक्त अंदाजाचा पसारा सांगावा आणि ऑर्डरचा आकडा व्यापाऱ्याने घालावा. शिवाय दुकानदारांना झालेल्या विक्रीची जी माहिती आपल्या गोदामातून कंपनीकडे जाते, तिच्यावरून काढलेला अंदाज आपल्यालाही पूर्ण दिसला पाहिजे. व्यापारी संघटनांनी मार्जिन आणि स्कीमसाठी जेवढा जोर लावला, तेवढाच या दोन मागण्यांसाठी लावायची वेळ आली आहे. मागणी मोजण्याचं काम यंत्र माणसाहून चांगलं करू शकतं, निदान वही खरी असेल तिथे. पण तोटा ज्याला सोसायचा आहे, किती माल घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क त्याचाच. तो हक्क आपल्याकडे ठेवून यंत्राचा अंदाज घ्या, शेठ. त्या अटीवर तो जरूर घ्यावा असं माझं मत आहे.